ईसर वाचा

आजीला विंचू उतरवता यायचा. उमरेडकडच्या आमच्या गावात रात्री-अपरात्री कुणी दारात येऊन ‘माय’ अशी हाक मारली, की तिला काही विचारावं लागत नसे. कंदिलाची वात वर करायची, चुलीतली चिमूटभर राख घ्यायची, चावलेल्या माणसाला ओसरीवर बसवायचं आणि दंशाच्या जागेकडे वरून खाली, वरून खाली अशी ती चिमूट फिरवत ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचं. शेवटी एक फुंकर. मग पुन्हा पहिल्यापासून. मी नागपूरहून सुट्टीत गेलेली असायची आणि अशा वेळी झोपेचं सोंग घेऊन गोधडीतून ऐकायची. कानावर यायचं ते फार थोडं. मधला सगळा भाग पुटपुटण्यात विरून जायचा. शेवट मात्र स्वच्छ ऐकू यायचा, कारण तिथे तिचा आवाज एकाएकी उघडा व्हायचा, ‘पुरो मंतर, ईसर वाचा!’

त्या वयात मी त्याचा सरळ अर्थ लावला होता. मंत्र पुरा पडो आणि ईश्वरा, याला वाचव. ‘पुरो’ पुरण्यातला, ‘वाचा’ वाचण्यातला. वेदनेने घामाघूम झालेला माणूस समोर बसला असताना आजी दुसरं काय मागणार?

पुढे कित्येक वर्षांनी कळलं की दोन्ही शब्द मी चुकीचे ऐकले होते. त्या चुकीचा माग काढताना मी जिथे जिथे जाऊन आले ते इथे सांगते आहे, कारण आजी गेल्यापासून हे दोन शब्द मला सोडायला तयार नाहीत.

आजी आपल्या मंत्राला नाव घेऊन ‘साबरी’ म्हणायची. ‘हे पूजेतलं नाही, साबरी हाय,’ असं सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान असे आणि थोडा दरारा. हे मंत्र कुणालाही सांगायचे नसतात, सांगितले तर त्यांची ताकद उतरते. वर्षाकाठी ते जागवावे लागतात, दिवाळीच्या अवसेला नाही तर ग्रहणात. 24 ऑक्टोबर 1995 ला दोन्ही एकत्र आलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सूर्यग्रहण लागलं. घरातले सगळे दारं लावून आत बसले होते आणि आजी ओल्या लुगड्याने विहिरीपाशी उभी राहून, डोळे मिटून, ग्रहण सुटेपर्यंत ओठ हलवत होती. दिवस असून उजेड सायंकाळसारखा पिवळट झाला होता. मी खिडकीच्या फटीतून तिच्याकडे पाहत होते. मला सूर्य पाहायची परवानगी नव्हती, आजीला पाहायची होती.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी ‘शाबरी’ हा शब्द दुसऱ्या वाटेने यायचा. श्रावणात बाबा नवनाथांची पोथी वाचायचे. धुंडीसुत मालू यांनी शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली पुरी केलेली ही 40 अध्यायांची पोथी विदर्भात घरोघर आहे. तीत मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीच्या अंबिकेकडून मार्ग समजून घेतात आणि देवतांना वश करून शाबरी विद्येचं कवित्व करतात. कवित्व हा शब्द मला तेव्हाही खटकला नव्हता आणि आता तर फारच आवडतो. मंत्र म्हणजे कुणीतरी बसून रचलेली कविता, असं पोथी उघडपणे सांगते.

त्याच पोथीत गोरक्षनाथांची गोष्ट आहे. गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसलेले. गावची पोरं चिखलाची गाडी करतात आणि गाडीवान करून द्या म्हणून त्यांच्या मागे लागतात. गोरक्ष एकीकडे मंत्र घोकतात, दुसरीकडे हाताने चिखलाचं बाहुलं करतात, आणि ते बाहुलं जिवंत होतं. तेच पुढचे गहिनीनाथ. बाबा हा अध्याय वाचत असताना मी नेहमी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत येऊन बसायची. गोरक्षांच्या मनात तिथे काही नसतं. ते पाठांतर करत असतात. शब्द ओठांवर आहेत, हात मातीत आहेत, एवढ्यावर जीव येतो. आजीच्या चिमटीतली राख आणि ती माती माझ्या डोक्यात कायमची एक होऊन बसली.

साबरी, शाबरी, साबर, शाबर ही सगळी एकाच शब्दाची रूपं. मूळ शब्द शबर. शबराचं ते शाबर, स्त्रीलिंगी शाबरी. आणि शबर म्हणजे कोण, हे विचारायला ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथापर्यंत मागे जावं लागतं. विश्वामित्राने शुनःशेपाला मुलगा मानून थोरलेपण दिलं, ते त्याच्या पन्नास मुलांना रुचलं नाही, आणि विश्वामित्राने त्यांना शाप दिला की तुमची प्रजा सीमेपलीकडे जाईल. त्या प्रजेची नावं तिथे दिली आहेत, आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद, मूतिब. म्हणजे संस्कृत ग्रंथांत शबर पहिल्यांदा येतात तेच बाहेर घालवलेले लोक म्हणून. सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत ग्रंथात ते पुन्हा भेटतात, विंध्याच्या अरण्यात शिकारीला निघालेली काळीकभिन्न सेना होऊन. बाण त्यांचं भयंकर आणि देखणं, दोन्ही वर्णन करतो. मधे कुठेतरी रामायणातली शबरी आहेच. तिचं नाव आपण इतक्या प्रेमाने घेतो की ते तिच्या लोकांचं नाव आहे, हे विसरूनच गेलो आहोत.

ओडिशा आणि आंध्रच्या डोंगरांत आजही सवरा किंवा सोरा म्हणवणारे लोक आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळातली. त्याच कुळातली कोरकू आपल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात बोलली जाते, आणि कोरकूंच्या गावात झाडपाला देणारा, देवाशी बोलणारा भूमका असतो. नागपूर तर गोंड राजा बख्तबुलंदाने वसवलेलं शहर. गोंडीचं कुळ वेगळं, द्राविडी. पण रान जवळ असण्याचा, रानातल्या माणसाच्या विद्येवर मनातून विश्वास असण्याचा जो भाव आहे तो इथे परका नाही. उमरेडच्या बाजारात जडीबुटी घेऊन बसलेल्या माणसाशी आजी ज्या आदराने बोलायची, तसं ती तलाठ्याशीही बोलत नसे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती भरताच्या नाट्यशास्त्रातली एक नोंद. नाटकात कोणत्या पात्राने कोणती बोली बोलायची हे सांगताना भरत काही विभाषा मोजतो आणि त्यांत शबरांची बोली आहे. म्हणजे मंत्राचं नाव होण्याच्या कितीतरी आधी शाबरी हे एका बोलण्याचं नाव होतं. राजा संस्कृत बोलेल, राणी शौरसेनी प्राकृत बोलेल, आणि रानातून आलेला माणूस त्याची त्याची बोली बोलेल. मग ‘शाबरी मंत्र’ याचा अर्थ माझ्यापुरता उलगडतो. ज्यांना संस्कृत मंत्र म्हणण्याचा अधिकार नव्हता, ज्यांना तो कुणी शिकवला नसता, त्यांच्या बोलीतला मंत्र. म्हणून त्यात हिंदी आहे, मराठी आहे, मधेच एखादा फारसी शब्द आहे, गुरू गोरखनाथ आहेत आणि दंतकथेतल्या जादूगारीण लोना चमारीची आणही आहे. शुद्धाशुद्धाची, उच्चाराची, सोवळ्याओवळ्याची भीती नाही. उमरेडकडच्या निरक्षर बाईच्या तोंडी तो बसतो, कारण तो तिच्याच तोंडासाठी झालेला आहे.

या नावाला आणखी एक वाट येऊन मिळाली असावी असं मला वाटतं. अमरकोशात माया या शब्दाचा एक पर्याय दिला आहे, शाम्बरी. शंबर नावाच्या मायावी असुरावरून तो आला. ऋग्वेदात इंद्राने मारलेला शंबर, भागवतात प्रद्युम्नाने मारलेला शंबर. जादू, गारुड, नजरबंदी या अर्थाने शांबरी हा शब्द कोशात होता आणि रानातल्या लोकांची विद्या या अर्थाने शाबरी हा शब्द लोकांत होता. दोघांमध्ये अंतर एका अनुस्वाराचं. बोलताना तो कुठे राहतो, कुठे गळतो, कोण बघतं? अनुस्वार गळण्याची ही गोष्ट मला पुढे फार जवळून पाहायला मिळाली, म्हणून ती इथे नोंदवून ठेवते.

आता खुद्द मंत्र. मन् म्हणजे विचार करणे, आणि त्र हा साधन दाखवणारा प्रत्यय. ज्याने नेलं जातं, म्हणजे नजरेला वाट दाखवली जाते, ते नेत्र. ज्याने पिता येतं ते पात्र. ज्याने मनन होतं तो मंत्र. मनन करणाऱ्याला तारतो तो मंत्र, असाही एक जुना विग्रह आहे, तो भक्तीतून आलेला. पारशांच्या अवेस्ता या जुन्या इराणी धर्मग्रंथात हाच शब्द मांथ्र म्हणून आहे, म्हणजे तो वेदांच्याही पलीकडचा आहे. मंत्रणा, मंत्री, आमंत्रण, निमंत्रण सगळे त्याच घरातले. संस्कृतातला मंत्री मलय भाषेत मेंतेरी झाला, तिथून पोर्तुगीजांनी उचलला आणि चिनी दरबारच्या अधिकाऱ्यांना मँडरिन हे नाव पडलं. इतका हिंडलेला शब्द घरात मात्र अगदी साधा होऊन राहिला आहे. कानमंत्र, मूलमंत्र, मंत्राक्षता, मंतरलेलं पाणी. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या, कडी पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या माणसाला आपण मंत्रचळ लागला म्हणतो. या शब्दापुढे मी नेहमी थबकते. एकच गोष्ट परत परत करण्यात दिलासाही आहे आणि कैदही आहे, हे मराठीने एका शब्दात पाहून ठेवलं आहे.

पण मनन हा अर्थ आजीच्या मंत्राला लागू होत नव्हता. ती जे म्हणायची त्याचं मनन करता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. अर्धेअधिक शब्द तिलाही कळत नव्हते. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एकदा भगव्या मुखपृष्ठाची पातळ पुस्तिका मिळाली. शाबर मंत्रांची. तीत पानोपानी एकच शेवट छापलेला होता, ‘शब्द साचा, पिंड काचा, फुरो मंत्र ईश्वरो वाचा.’ मी फुटपाथवर उभी होते आणि मागून सिटी बसचा हॉर्न वाजत होता. फुरो. पुरो नव्हे.

फुरो म्हणजे स्फुरो. संस्कृत स्फुर्, थरथरणे, उसळणे, जागं होणे. आपला बाहू स्फुरतो, कविता स्फुरते, घोडा फुरफुरतो, ते सगळं यातलं. मंत्र जागा होवो, हलू लागो. आणि वाचा म्हणजे वाणी, वचन. हे ईश्वराचं वचन आहे. शब्द साचा, पिंड काचा, म्हणजे शब्द खरा आहे, देह कच्चा आहे. मातीच्या भांड्यासारखा कच्चा. ही ओळ मी त्या दिवशी घरी येईपर्यंत म्हणत राहिले. ज्याला विंचू चावला आहे, ज्याचं अंग थरथरतं आहे, त्याच्यासमोर बसून ‘देह कच्चा आहे’ हे मान्य करणं आणि तरी शब्दावर भार टाकणं, यात मला कोणताही भ्रम दिसला नाही. मला त्यात हताश माणसाचं धैर्य दिसलं.

या मंत्रांची रचना नीट पाहिली तर ती शपथेची आहे. दुहाई गुरू गोरखनाथांची. आण महादेव-पार्वतीची. मेरी भगति, गुरु की शक्ति. आण हा शब्द आपल्याकडेही जिवंत आहे, ‘तुला माझी आण आहे.’ म्हणजे मंत्र म्हणणारा विषाला हुकूम सोडत नाही, तो विषाला कुणाची तरी शपथ घालतो. भांडणात मोठ्या माणसाचं नाव घ्यावं तसं. माझी ताकद नाही, पण माझ्यामागे कोण उभं आहे ते बघ. दुबळ्या माणसाचं बोलणं असंच असतं, हे ज्याने रानातल्या, शेतातल्या, अंगणातल्या माणसांत दिवस काढले आहेत त्याला सांगावं लागत नाही.

आणि अर्थहीन शब्दांचं काय? तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या आरंभीच शिवपार्वतीला नमस्कार करताना साबर मंत्रांचं नाव घेतलं आहे. कलियुग पाहून शिवपार्वतीने जगाच्या हितासाठी हे मंत्र निर्माण केले असं म्हणून ते पुढे लिहितात, ‘अनमिल आखर अरथ न जापू’. अक्षरं एकमेकांशी जुळत नाहीत, अर्थ नाही, जपाचा विधी नाही, आणि तरी महेशाच्या प्रतापाने प्रभाव उघड दिसतो. एवढा मोठा कवी, ज्याचं आयुष्य जुळणाऱ्या अक्षरांत गेलं, तो न जुळणाऱ्या अक्षरांपुढे वाकतो.

हा वाद त्याहून किती जुना आहे ते यास्काचं निरुक्त, वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणारा ग्रंथ, उघडलं की कळतं. कौत्स नावाच्या आचार्याचं मत यास्क तिथे मांडतो, ‘अनर्थका हि मन्त्राः’. मंत्रांना अर्थ नसतो. हे वेदमंत्रांबद्दल बोललं जात होतं आणि बोलणाराही त्याच परंपरेतला होता. यास्क त्याला उत्तर देतो की आंधळ्याला खांब दिसत नाही हा खांबाचा अपराध नव्हे. मला यास्काचं उत्तर चतुर वाटतं, पण माझं मन कौत्साकडे जातं. काही बोलणं अर्थ सांगण्यासाठी नसतंच. रडणाऱ्या बाळाला आपण ‘अले अले अले’ म्हणतो, त्याचा अर्थ कोणत्या कोशात शोधायचा? ते त्या बाळाला कळतं, एवढं मात्र खरं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला त्या पावसाळ्याबद्दल लिहायलाच हवं.

ग्रहणानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष. धानाची रोवणी चालू होती. आमच्या गल्लीतला नऊ वर्षांचा मुलगा रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठला. कानामागे दोन बारीक ठिपके. मण्याराचा दंश असाच असतो, झोपेत, जवळजवळ न दुखणारा. घरच्यांनी त्याला दोन कोसांवरच्या एका नावाजलेल्या मांत्रिकाकडे नेलं. तिथे सूर्य वर येईपर्यंत मंत्र चालले. परत आणताना बैलगाडी आमच्या दारात थांबली, आजीने एकदा पोराच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या पापण्या उचलत नव्हत्या. आजी ओरडली, ‘अरे मेडिकलले न्या त्याले! गाडी काढा कोनी तरी!’ नागपूरच्या वाटेवर, हुडकेश्वर यायच्या आधी तो गेला.

त्या दिवसानंतर आजीने सापाचा मंत्र म्हटला नाही. विंचवासाठी कुणी आलं तरी आधी विचारायची, लाल होता का काळा, छातीत कसं वाटते, घाम किती आला, आणि जरा शंका आली की म्हणायची, ‘पहिले दवाखाना. मंतर मी रस्त्यानं म्हनतो.’ आमच्याकडे बायकाही ‘मी म्हनतो’च म्हणतात.

मंत्राने साप उतरतो असं लोकांना का वाटत आलं, हे मी नंतर समजून घेतलं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा दंश होतो. अशा माणसावर कुणीही काहीही पुटपुटलं तरी तो वाचणारच होता, आणि श्रेय पुटपुटण्याला जातं. विंचवाचंही तसंच, बहुतेक दंशांच्या वेदना काही तासांत आपोआप ओसरतात. पण लाल विंचू हृदयावर घाला घालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले ते मृत्यू रोखून दाखवले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष आहे, घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं, आणि ते शिरेतून जितक्या लवकर जाईल तितकं बरं. पहाटेपासून सूर्य वर येईपर्यंतचा जो वेळ त्या पोराचा गेला, तो वेळ म्हणजेच त्याचं आयुष्य होतं.

म्हणून 2013 च्या डिसेंबरात आमच्याच शहरात, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी विधेयक मंजूर झालं तेव्हा मला रडू आलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन चार महिनेही झाले नव्हते. ज्या कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षं घालवली तो त्यांच्या पश्चात आधी अध्यादेश म्हणून आला आणि मग नागपुरात कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्यात गुन्हा ठरलं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मी तो कायदा मनापासून मानते. आजी त्या वेळी हयात असती तर तिनेही मानला असता, तिने तो आपल्यापुरता आधीच केला होता.

कायद्याचं पूर्ण नाव वाचताना शब्दांच्या वेडाने मला तिथेही गाठलं. जादूटोणा यातला जादू फारसीतून आला, पण फारसी जादूचं मूळ जुन्या इराणीतलं यातु, आणि यातु वेदातही आहे, यातुधान म्हणजे जादू करणारा राक्षसी जीव. तेव्हा ‘जादू’ हा आपल्याच चुलत घरातून फिरून आलेला पाहुणा आहे. आणि नावाच्या शेवटी म्हटलं आहे, या प्रथांचं ‘समूळ उच्चाटन’. उच्चाटन हा तर मांत्रिकांचाच शब्द. वशीकरण, स्तंभन, मारण वगैरे तंत्रातल्या षट्कर्मांपैकी ते एक. जाचणारी गोष्ट मुळासकट उपटून दूर घालवण्याचं कर्म. कायदा लिहिणाऱ्याला त्याहून नेमका शब्द सापडला नाही, आणि मला वाटतं तो योग्यच शब्द आहे.

नागपूरच्या माणसाला उच्चाटन शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते. 1880 च्या दशकापासून निघते आहे. कागद आणि बांबूची ती अजस्र बाई रस्त्यातून डुलत जाते, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात, आणि हजारो माणसं एका सुरात ओरडतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत!’ गावाकडे पोरं हेच घरापुढून ओरडत जातात. आदल्या दिवशी पोळ्यात झडत्या, म्हणजे जुळवलेली पदं, म्हटल्या जातात, दर झडतीच्या शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’. शाबर मंत्रातही तीच गौरा, तोच महादेव. शबराच्या वेशातला, भिल्लाच्या वेशातला देव.

मारबतीच्या त्या गर्दीत मी दर वर्षी जाते. धक्के खाते, घसा बसेपर्यंत ओरडते. कुणाला उपचारांपासून अडवत नाही, कुणाचे पैसे घेत नाही, कुणाला चेटकीण ठरवत नाही असा तो मंत्र आहे, सगळ्या शहराने मिळून म्हटलेला. त्या दिवशी माझ्या ओठांवर त्या नऊ वर्षांच्या पोराचं नावही असतं, ते मोठ्याने म्हणत नाही.

आजी शेवटची तीन वर्षं महालात आमच्याकडे होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी रात्रीचं दिसत नव्हतं. एका दुपारी मला म्हणाली, ‘वही आन. लिहून घे. नाही तं माह्यासंगंच जाईन.’ मी वही आणली. ती थांबत थांबत सांगत गेली, मी लिहीत गेले. मधले शब्द तिने दोनदा वेगवेगळे सांगितले. विचारलं तर म्हणाली, दोन्ही लिही. तो मंत्र मी इथे देणार नाही, तिला तसा शब्द दिला आहे. शेवटची ओळ मात्र सगळ्या पुस्तिकांत छापलेलीच आहे.

त्या ओळीवर आल्यावर मी पेन थांबवलं.

‘आजी, वाचा म्हणजे काय गं?’

‘म्हंजे वाचव बाप्पा त्याले. अजून काय असन?’

मी तिला सांगितलं. वाचा म्हणजे बोलणं. ईश्वराचं बोलणं आहे हे, असा त्याचा अर्थ. फुरो म्हणजे काय तेही सांगितलं. ती बराच वेळ पलंगाच्या कडेवर हात फिरवत राहिली.

‘हो काय?’ ती म्हणाली. ‘मंग देवाचं बोलनंबी तेच असन ना. वाचव म्हून.’

मराठीत जीव वाचणं आणि पुस्तक वाचणं हे दोन वेगळे शब्द आहेत. पुस्तक वाचणं वाच्-पासून आलं, वाणीपासून. जीव वाचणं आलं वञ्च्-पासून, निसटणं, सुटून जाणं. जुन्या पुस्तकांत ते ‘वांचणें’ असं लिहिलेलं दिसतं, डोक्यावर अनुस्वार देऊन. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही शब्द दिसायला एक झाले. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिच्यासाठी ते कधी दोन नव्हतेच.

वही माझ्या कपाटात आहे. शेवटच्या ओळीत मी आधी ‘ईसर वाचा’ असंच लिहिलं होतं. मग त्याच दुपारी, ती डोळे मिटून पडली असताना, ‘वा’वर एक टिंब दिलं.